विन्स्टनची भावकी

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्याच्या वरच्या अंगाला विन्स्टन नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका, फक्त रुबाब जिल्ह्याचा. डोंगराळ मुलूख, जंगल, वाळूखडकाची हलकी जमीन. अलाबामाने कापसावर नाव कमावलं. विन्स्टनच्या वाट्याला मात्र दगड आले. कापूस नाही म्हणून मोठे मळे नाहीत, आणि मळे नाहीत म्हणून मळेवाल्यांचा तोरा नाही. १८६० च्या जनगणनेत साडेतीन हजार वस्तीत गुलाम भरले १२२ आणि त्यांचे मालक १४.

या मंडळींना इतिहासात जायची काडीची हौस नव्हती. पण जानेवारी १८६१ मध्ये अलाबामाने अमेरिकेतून फुटायचं ठरवलं. त्या बैठकीला विन्स्टनने पाठवला होता एक शाळामास्तर, ख्रिस्तोफर शीट्स, वय वर्षं एकवीस. मास्तरने ठरावावर सही करायला नकार दिला. सहीच्या बाबतीत मास्तर लोक सगळीकडेच काटेकोर असतात म्हणा. पुढे यातूनच उत्तर आणि दक्षिणेत जुंपलेली यादवी लढाई संपल्यावर, १८६९ मध्ये, हाच शीट्स अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून डेन्मार्कमध्ये एल्सिनोरला गेला. म्हणजे थेट हॅम्लेटच्या गावी! सही करावी की न करावी या प्रश्नावर त्याची मात्र एक रात्रही गेली नव्हती, असं आपलं मला वाटतं.

इकडे विन्स्टनमध्ये लूनीच्या खानावळीत सभा भरली. तारीख ४ जुलै १८६१ सांगतात. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन इतका नेमका जुळून आला की इतिहासकारांना जरा शंकाच येते. ठराव मोठा मासलेवाईक. राज्याला देशातून फुटायचा हक्क आहे हे आम्हाला मान्य नाही. पण तो असेलच, तर त्याच न्यायाने काउंटीलाही राज्यातून फुटता येईल. आम्ही ना उत्तरेवर बंदूक उचलणार, ना दक्षिणेवर. आम्हाला आमचं राहू द्या. नीट वाचलं तर यात फुटल्याची घोषणा कुठेच नाही. सगळा मामला ‘तर’वर अडलेला. पण ठराव ऐकून विरुद्ध बाजूचा रिचर्ड पेन हसत ओरडला की विन्स्टन फुटलं, विन्स्टनचं स्वतंत्र राज्य झालं! होता टोमणा, पण विन्स्टनने तो मानपत्रासारखा भिंतीवर टांगला. ‘फ्री स्टेट ऑफ विन्स्टन’ ही बिरुदावली आजही तिथे अभिमानाने मिरवतात.

राहू कोण देतो? दक्षिणेची सक्तीची लष्करभरती आली. कोणी रानात, कपारींत लपले. बरेच जण उत्तरेच्या फौजेतल्या ‘फर्स्ट अलाबामा कॅव्हलरी’त गेले, काही दक्षिणेकडून लढले. एकाच आडनावाची माणसं दोन्ही गणवेशांत. आपल्याकडे भाऊबंद बांधावरून कोर्टात जातात. यांना भांडायला अख्खा देश मिळाला.

वंशावळ लावणाऱ्यांची खरी चंगळ पुढे आहे. १८७१ मध्ये सरकारने दक्षिणेतल्या देशनिष्ठांसाठी भरपाईचं कमिशन नेमलं. उत्तरेच्या फौजेने तुमचा घोडा, मका, डुक्कर नेलं असेल तर पैसे मागा. मात्र लढाईभर तुम्ही निष्ठावंत होता हे आधी सिद्ध करा. सिद्ध करणार कोण? शेजारी, मेहुणे, चुलते. मग दक्षिणेत ठिकठिकाणी कोणी कोणाला लपवलं, कोणाची बायको कोणाला भाकरी पोचवायची, कोणाचा भाऊ फितूर होता, हे सगळं शपथेवर कागदावर उतरलं. इतका तपशील भाटांच्या वह्यांतही मिळायचा नाही. १८९१ मध्ये काउंटीच्या गावचं, डबल स्प्रिंग्जचं, कोर्ट जळालं, तेव्हा अशा बाहेर राहिलेल्या कागदांची किंमत आणखी वाढली. बाकी आधार घरच्या बायबलचा, ज्याच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहून ठेवायची रीत आहे, आणि ‘डेकोरेशन डे’चा. उन्हाळ्याच्या तोंडावर नातेवाईक स्मशानात जमतात, थडगी साफ करतात, फुलं वाहतात आणि तिथेच पंगत मांडतात. जेवताना कोण कोणाचा कोण हे ठरतं. वाद तिथेही मिटत नाहीत, असा माझा भावकीवरचा विश्वास आहे.

फक्त त्या १२२ गुलामांसाठी ही सोय नाही. गुलामांच्या नोंदवहीत मालकाचं नाव लिहिलंय. खाली वय, लिंग, वर्ण. नाव नाही. स्वतंत्र राज्याचं कौतुक करताना ते पानही उघडं ठेवावं, एवढंच माझं म्हणणं.

लढाईनंतर सारी दक्षिण डेमोक्रॅटिक झाली, तरी विन्स्टन हट्टाने रिपब्लिकन राहिलं. १९८७ मध्ये कोर्टापुढे एक पुतळा बसला. सैनिक एकच, पण अर्धा उत्तरेचा, अर्धा दक्षिणेचा. भावकीने याहून शहाणी तडजोड केल्याचं मी ऐकलेलं नाही. लूनीच्या खानावळीवर एक संगीत नाटकही झालं, उघड्या रंगमंचावर. ज्या अलाबामातून विन्स्टन फुटल्याचा बोभाटा झाला, त्या अलाबामानेच १९९३ मध्ये ते राज्याचं अधिकृत नाटक म्हणून कायद्याने जाहीर केलं.