सोवळी भाकरी आणि बदनाम भात

अहो, ऐकलंत का? परवा डोंबिवलीच्या आमच्या भिशीत एक बाई बिनबाह्यांचं ब्लाउज घालून आल्या. वय पासष्टच्या पुढे! आधी वाटलं, लेकीकडे अमेरिकेला जाऊन आल्यात, तिकडचं वारं लागलं असेल. पण नाही. दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढं पांढरं बटण चिकटवलेलं होतं आणि ते चारचौघींना दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप! सेन्सर म्हणे. १४ दिवस तिथेच मुक्काम, अंघोळीलाही काढायचा नाही, आणि साखरेची रेघ मोबाइलवर चोवीस तास चालू. बाईंनी ताटलीतली जिलबी खाल्ली, मोबाइल पाहिला. रेघ सरळ. "बघा, मला जिलबी चालते," म्हणून त्यांनी दुसरी उचलली.

आता खाल्लेलं रक्तात उतरायला वेळ लागतोच ना? त्यातून हे बटण रक्तात डोकावत नाही, कातडीखालच्या पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजतं, आणि तिथे खबर पोचते रक्तानंतर पाच-दहा मिनिटांनी. तासाभराने, हौजीचा तिसरा डाव रंगात आलेला असताना, बाईंचा मोबाइल कोकलायला लागला. अडीचशे! फुल हाउस मात्र त्यांनाच लागलं.

तसं हसायला कुणाला जागा आहे म्हणा! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही निघाले आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर उभे. म्हणजे भिशीत कुणाकडे बोट दाखवायची सोय उरलेली नाही. म्हणून हल्ली माणसांऐवजी धान्यांच्या कुचाळक्या चालतात.

भाताचं काय झालंय बघा. बोडणापासून बारशापर्यंत मान त्याचा, अक्षता त्याच्या, आणि आज त्याचं नाव काढलं की बायका कानावर हात ठेवतात. "आमच्याकडे भात बंद आहे," हे असं सांगतात की जणू कुणा वाया गेलेल्या दिराचं येणंजाणं तोडलंय. आणि भाकरीचं नशीब तर असं फळफळलंय! जिला शहरात पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटायची, ती आता एकदम सोवळ्यात. तिच्यावर कुणी संशयच घेत नाही.

आमच्या मजल्यावर एक सद्गृहस्थ आहेत. पोळी सोडली, भात सोडला, आता रात्री तीन भाकऱ्या खातात. "ज्वारी आहे हो, चालते." चालते म्हणजे किती चालते? शंभर ग्रॅम तांदळात अठ्ठ्याहत्तरच्या आसपास कार्ब्ज, ज्वारीच्या पिठात सत्तरच्या आसपास. एवढाच काय तो घराण्यातला फरक. साठ ग्रॅम पिठाची बेताची भाकरी धरली तर तिच्या पोटात चाळीसेक ग्रॅम कार्ब्ज. फुलक्यात सतरा-अठरा. म्हणजे सद्गृहस्थ रोज रात्री सातेक फुलक्यांचा ऐवज जिरवून उठतात! सात फुलके वाढून घेतले असते तर बायकोने मोजले असते. भाकरीला कोण मोजतं?

आता तिची बाजूही सांगायला हवी, उगीच पाप नको. पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तिच्यात चोथा जास्त, पोट लवकर भरतं, आणि एक भाकरी, वाटीभर पिठलं आणि मूठभर नव्हे, चांगली मोठी वाटीभर पालेभाजी असं जेवण मधुमेह्याला उत्तमच. भानगड आहे ती तीन नंबरच्या भाकरीत.

गुळाबद्दल मी बोलणार नाही. म्हणजे थोडंच बोलते. पुण्यात गुळाच्या चहाच्या पाट्या पाहून माणसं आजार बरा झाल्यासारखी आत शिरतात आणि दोन-दोन कप पितात. गूळ ही बहुतेक सगळी साखरच आहे हो, रंग सावळा आहे इतकंच!

खरी चोरवाट मात्र देवाच्या दारातून जाते. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांना ग्लुकोमीटर नसतानाही कळलं होतं. साबुदाणा म्हणजे टॅपिओका नावाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सत्त्याऐंशीच्या आसपास कार्ब्ज, आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. खिचडीत त्याला सोबत कुणाची, तर बटाट्याची! मग रताळ्याचा कीस, मग भगर, तीही धान्यच. बिचारा दाण्याचा कूट तेवढा एकटा अब्रू राखून असतो. एरवी भाताचं शीत पानात पडलं तर किंचाळणाऱ्या काकू आषाढीला खिचडीची डिश दुसऱ्यांदा भरतात. उपवासाला कोण नाही म्हणणार?

याच्या उलट टोकाचे शूरवीर ऐकलेत? निर्जळी करतात आणि सकाळची गोळी मात्र नेमाने घेतात. यात मी चेष्टा करणार नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळलं, किंवा भात-पोळी एकदम बंद केली, तर साखर सत्तरच्या खाली घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस भलतंसलतं बोलायला लागतो. तेव्हा घरात ज्या साखरेला थारा नाही तिचेच तीन चमचे पाण्यात ढवळून पाजायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आणि कार्ब्ज कमी करायचेच असतील तर गोळीचं काय, हे डॉक्टरांना आधी विचारायचं, भिशीला नंतर.

आणि घराघरांतले तट? एका घरात सासूबाई दीक्षितांच्या, सूनबाई दिवेकरांच्या. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडं थोडं खात राहा, तूप-भाताला घाबरू नका. सासूबाई घड्याळ लावून जेवतात, सूनबाई दोन तासांनी डबा उघडतात आणि मधल्या मधे सासरे दोन्हीकडचं जेवतात. त्यांची साखर कोणत्या पंथाची धरायची?

पण सगळ्यांत मोठा गहजब पंगतीचा आहे. आपली वाढायची रीत काय? आधी वरणभात, त्यावर तूप, मग पोळी, मग मसालेभात, शेवटी ताकभात. सुरुवातही भाताने, शेवटही भाताने. कोशिंबीर डाव्या बाजूला चमचाभर, नैवेद्य दाखवल्यासारखी. आणि न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजातल्यांनी काय केलं? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मधुमेह्यांना एकदा आधी पाव आणि संत्र्याचा रस दिला, मग भाज्या आणि कोंबडी. दुसऱ्या खेपेला नेमकं उलटं. पदार्थ तेच, पण भाज्या-कोंबडी आधी पोटात गेली तेव्हा तासाभरानंतरची साखर तब्बल ३७ टक्क्यांनी कमी. माणसं होती फक्त ११! आमच्याकडे पंगतीच्या एका ओळीत याहून जास्त बसतात. तरी पुढेही असेच निष्कर्ष येत राहिले, त्यामुळे आता जावई वरणभाताला हात न लावता आधी काकडी मागतो आणि सासू डोळे पुसते. चमच्याऐवजी वाटी भरून कोशिंबीर आणि मटकीची उसळ आधी वाढली असती, तर जावयानेही भात घेतला असता हो, चार घास!

तेवढ्यात भाताने परत उचल खाल्लीय. शिजवून फ्रिजमध्ये गार केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि साखर जरा कमी चढते, असं कळल्यापासून शिळ्या भाताला भाव आलाय. फायदा बेताचाच, भात खोलीत तसाच उघडा राहिला तर पोट बिघडायचं ते वेगळंच, आणि परात भरून खाल्ला तर सगळं मुसळ केरात. पण ऐकतंय कोण? आमच्या शेजारणीने परवा पाहुण्यांना चुकून कालचा भात वाढला. जिभेला चावा घेऊन ती ताट उचलायला धावली, तर पाहुण्यांनी हात धरला.

"राहू द्या. किती तासांचा आहे?"

"अय्या, बारा असतील."

"मग अजून एक मूद वाढा."