चराला नारळ फुटत नाही

पावसाळा उतरणीला लागला की आपल्याकडे खड्ड्यांचा पंचनामा होतो आणि दरवर्षी आरोपी तोच निघतो: पाऊस. तो जागेवर हजर असतो, आरोप नाकारत नाही, त्यामुळे पुढचा तपास करावा लागत नाही. वास्तविक डांबराचे आणि पाण्याचे वैर कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याला ठाऊक असते. पाणी भेगेतून शिरले की खडीवरचे डांबर सुटते, खालचा मुरूम मऊ पडतो आणि मग वरून जाणारे प्रत्येक चाक खड्डा खणू लागते. उपाय महागडा नाही. गावचा रस्ता पावणेचार मीटर रुंद असेल, तर त्याचा मध्य कडेपेक्षा जेमतेम पाच सेंटीमीटर उंच हवा, साइडपट्टी त्याच्या खाली उतरती हवी आणि पलीकडे वाहता चर हवा. (गतिरोधकासाठी याहून कितीतरी जास्त उंची आपल्याकडे नेहमी शिल्लक असते, ते सोडा.)

अडचण एवढीच, की चराला नारळ फुटत नाही. मोरीतला गाळ काढला, तर फलकावर फोटो कोणाचा लावणार? म्हणून निधी जातो डांबराच्या नव्या थराला. जुना न खरवडताच त्यावर नवा चढतो, रस्ता उंचावतो, पाणी शेजारच्या दारांत शिरते आणि तळमजला घेतलेल्यांना तळघर फुकट मिळते.

यावर ‘आमच्याकडे पाऊसच फार’ असे उत्तर येते. पुण्याचा जंगली महाराज रस्ता रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन 1976च्या सुमारास पूर्ण केला आणि हमी संपल्यावरही तो अनेक वर्षे धड राहिला. पुण्याचा पाऊस काही त्याला वळसा घालून पडत नव्हता. पैसा नाही, ही सबबही लंगडी आहे: चर उपसायला फावडे लागते, नव्या थराला रोलर. आणि देखभालीची तरतूद करता येते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल मूळ कंत्राटातच धरलेली असते. राहिले काँक्रीट. ते जास्त टिकते, हे कबूल. पण सांध्यांतून पाणी खाली गेले की तेही पोकळ होते. शिवाय जलवाहिनी टाकायची आठवण काँक्रीट वाळल्यावरच होते.

तेव्हा पुढच्या रस्त्याचे भूमिपूजन असेल, तिथे जरूर जा, पेढा घ्या आणि चर कुठे जाऊन मिळणार तेवढे विचारा. उत्तर आले नाही, तर ग्रामसभेत तेच लेखी मागा.