टर्कीवाल्याचा रियाझ

मार्च लागला की तो हाताबाहेर जातो. अमेरिकेच्या मधोमध, मिझुरीसारख्या राज्यात चार वर्षं काढलेल्या मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. प्रत्येक हपिसात, प्रत्येक गॅरेजात असा एक असतोच. नाव डेल असेल, अर्ल असेल, रँडी असेल. आपण त्याला टर्कीवाला म्हणू. वय साठीला टेकलेलं, पोट पट्ट्याबाहेर, बोलणं मोजकं. वर्षाचे दहा महिने गृहस्थ अगदी सरळमार्गी. टॅक्स वेळेवर भरतो, अंगणातलं गवत कापतो, शेजाऱ्याला शिडी उसनी देतो. मार्चमध्ये मात्र त्याच्या तोंडून कोंबडी बोलायला लागते.

कोंबडी म्हणजे रानटर्कीची मादी. तिचा आवाज काढायचं साधन तळहातात लपेल एवढं: घोड्याच्या नालेच्या आकाराची चकती आणि तिच्यावर ताणलेला लॅटेक्सचा पापुद्रा. ती टाळूला चिकटवायची, जिभेने दाबायची आणि पोटातून हवा सोडायची. जमलं तर ‘क्याँक, क्याँक, क्याँक’ अशी साद निघते. नाही जमलं तर उमासे येतात, आणि नवशिक्याला आधी उमासेच येतात. टर्कीवाल्याचे उमासे तरुणपणीच संपले, त्यामुळे तो ती चकती तोंडातून काढतच नाही.

सिग्नलला गाडी थांबली की क्याँक. बर्गरच्या खिडकीशी ऑर्डर देताना क्याँक, आणि आतल्या मुलीचा गोंधळलेला चेहरा. व्हिडिओ मीटिंगमध्ये तिमाहीचे आकडे चालू असताना कुठूनतरी कोंबडी ओरडते, अकरा जण घाईने आपापला माइक तपासतात. बाराव्याला तपासायची गरज नसते. एका दूरच्या नातलगाच्या अंत्यविधीत, पाद्रीबुवा प्रार्थनेसाठी क्षणभर थांबले तेवढ्यातही एक क्याँक निघाला. बायको अजून सांगते की तो खोकला होता. आणि दर वेळी चकती गालात सरकवून, समोर असेल त्याला एकच प्रश्न: “कसं वाटलं?”

आता यावर माणसाने काय म्हणावं? लोक ‘मस्त’ म्हणतात आणि कॉफी आणायला जातात.

या सगळ्याचं मूळ टर्कीच्या संसारात आहे. वसंत हा त्यांच्या जुगण्याचा हंगाम. रात्र झाडावर काढलेला नर उजाडताना फांदीवरूनच आरोळी ठोकतो, आणि रीत अशी की मादीने त्याच्याकडे जायचं. शिकाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं. मादी जागची हलणार नाही, नवरोजींनी यावं! नर बिचारा साठ यार्डांपर्यंत येतो, पिसारा फुलवतो, पंखांची टोकं जमिनीवर घासत येरझाऱ्या घालतो आणि उरलेलं अंतर बाईसाहेबांनी तोडावं म्हणून थांबून राहतो. बारा बोअरच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला साधारण चाळीस यार्डांचा. मधल्या वीस यार्डांत टर्कीवाल्याची हयात गेलेली आहे. तेवढ्यासाठी तो आवाजात लाजायला, रुसायला, मग जरा लगट करायला शिकला. घरात ‘हो’ आणि ‘बघू’ यापलीकडे न बोलणारा हा बाप्या! बालगंधर्वांनंतर स्त्रीभूमिकेवर इतकी मेहनत कोणी घेतली नसेल, आणि गंधर्वांना निदान तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते.

बरं, चकतीवर भागत नाही. जॅकेटच्या खिशांतून एकेक वाद्य निघत राहतं. झाकण घासून वाजवायची लाकडी पेटी, जिचं पेटंट आर्कान्सॉच्या हेन्री गिब्सनने १८९७ साली घेतलं. पाटीचा गोल तुकडा आणि त्यावर घासायची काडी. टर्कीच्याच पंखाच्या हाडांची पिपाणी. शिवाय घुबडाचा आवाज काढणारी नळी, कारण पहाटे घुबड घुमलं की झाडावरचा नर राहवत नसल्यासारखा उलट ओरडतो आणि आपला पत्ता देऊन बसतो. ही नळी टर्कीवाल्याने एकदा रात्री अकराला परसात वाजवून पाहिली. शेजारच्या कुत्र्याने त्याला अजून माफ केलेलं नाही.

हिशेब विचारू नये. बंदूक, टंगस्टनची महागडी काडतुसं, पेट्रोल, परवाना, रबराची खोटी मादी आणि आठवडाभराची रजा एवढं सगळं खर्ची घालून हंगामात जास्तीत जास्त दोन नर मारायची परवानगी, त्यातही पहिल्या आठवड्यात एकच. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर याहून गुबगुबीत टर्की सुपरमार्केटमध्ये किरकोळ दरात मिळते. हे त्याला सांगून पाहावं. उत्तरादाखल क्याँक येतो.

त्याच्या शेजारच्या टेबलावर एक पुणेकर बसतो. शाकाहारी, सॉफ्टवेअरवाला, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली याचा सार्थ अभिमान असलेला. त्याने टर्कीवाल्याला एकदा चांगलंच सुनावलं. टर्कीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग उभ्या हयातीत बोलला नसेल इतकं बोलला. जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने १९५०च्या सुमारास मिझुरीत अडीच हजार रानटर्कीसुद्धा उरल्या नव्हत्या. आधी खुराड्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकेनात. मग १९५४पासून खऱ्या रानटर्की बारुदाने उडणाऱ्या जाळ्यांत धरून गावोगावच्या जंगलांत नेऊन सोडल्या. १९६० साली शिकार उघडली ती फक्त तीन दिवस, आणि मारले गेले ९४ पक्षी. २००४च्या वसंतात हाच आकडा ६० हजारांच्या वर गेला. मधल्या काळात टर्की इतक्या झाल्या की मिझुरीने त्या केंटकीला देऊन बदल्यात पाणमांजरं घेतली. बंदुका आणि काडतुसांवर जो खास कर आहे तो १९३७च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामी लागतो, आणि तो भरतो कोण? पुणेकराला यावर मुद्दा सुचला नाही. पुणेकराच्या बाबतीत ही घटना नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

एवढं झालं तरी त्या क्याँकचा वैताग काही कमी होईना. एका एप्रिलात मात्र टर्कीवाला अवघडल्यासारखा पुणेकराच्या टेबलाशी आला. सोबत येशील का? बंदूक धरायची नाही, मारायचं नाही, फक्त ऐकायचं. तेव्हा उलगडा झाला. चाळीस वर्षं उजव्या खांद्यावरून बार काढून त्याचा डावा कान जवळपास गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. नर ओरडलेला कळायचा, पण कुठून ते कळायचं नाही. आणि वरचे सूर तर ऐकूच येईनासे झालेले. मादीच्या आवाजात सगळी खुबी वरच्या सुरांतच असते. म्हणजे गेली काही वर्षं हा गृहस्थ स्वतःला ऐकू न येणारा आवाज काढत होता आणि तो बरोबर आलाय का, हे जगाला विचारत फिरत होता. जग ‘मस्त’ म्हणत होतं.

पहाटे चारला ओझार्कच्या ओकच्या जंगलात त्याने पुणेकराची झडती घेतली. पांढरे मोजे बाद. मनगटावरचा सत्यनारायणाचा लाल दोरा हातमोज्याखाली. कारण नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं, आणि झुडपात यातला एखादा रंग हलताना दिसला तर दुसरा एखादा उतावळा शिकारी बार काढायचा. (डोक्याचे हे बदलते रंग जहांगीर बादशहानेही बारकाईने टिपून ठेवलेत. १६१२ साली त्याच्यासाठी गोव्याहून टर्की आणली होती आणि उस्ताद मन्सूरने तिचं चित्रही काढलं.) मग खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून दोघे बसले. बसणं म्हणजे बसणं. डास चावला तरी हात उचलायचा नाही.

उजाडताना नर ओरडला. पुणेकराने ठरल्याप्रमाणे बोटाने दिशा दाखवली. टर्कीवाल्याने साद घातली, नराने उत्तर दिलं, पुन्हा साद, पुन्हा उत्तर, या वेळी जवळून. सव्वासातला तो दिसला. उन्हात पिसं तांब्याची, मधेच हिरवी. छातीवर घोड्याच्या केसांसारखी वीतभर दाढी. साठ यार्डांवर येऊन थबकला आणि पिसारा फुलवला. पुणेकर श्वास घ्यायचा विसरला. तेवढ्यात डावीकडून एक खरीखुरी मादी रमतगमत आली आणि नराला घेऊन गेली.

सरकारी जंगलात दुपारी एकला शिकार थांबवावी लागते. पक्षी पुन्हा काही आला नाही. ट्रककडे परतताना टर्कीवाल्याने चकती गालात सरकवली. “कसं वाटलं?”

“पहिले दोन ठीक,” पुणेकर म्हणाला. “तिसरा सूर चढतोय. आणि घाई करतोयस. ती बघ ना, दोन सादांच्या मध्ये केवढी थांबत होती.”

चाळीस वर्षांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो रस्त्यातच उभा राहिला. मग म्हणाला, ती मादी तरुण होती, तिला काय कळतंय. पुणेकर म्हणाला, नर तिच्यामागे गेला, तुझ्यामागे नाही. यावरून हायवे लागेपर्यंत भांडण झालं. हायवेवर टर्कीवाल्याने तिसरा सूर उतरवून पाहिला.

“अजून थोडा खाली,” पुणेकर म्हणाला, आणि गाडीची काच वर केली.