जुन्या मोरीस वॉशिंग मशीन जोडण्याचा शास्त्रोक्त विधी

मंठ्यासारख्या मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी, दगडमातीच्या जुन्या माळवदी घरात वॉशिंग मशीन बसवणे हा विजेचा विषय आहे असा समज रूढ असला, तरी वस्तुतः तो भूगोलाचा आणि शेजारधर्माचा विषय होय. कपडे यंत्र निमूटपणे धुते. परंतु धुतलेले पाणी कोठे जाणार, याचे उत्तर देणारी कळ कोणत्याही कंपनीने अद्याप बसवलेली नाही. मोरी, म्हणजे शहाबादी फरशीची, वीतभर कठड्याची व भिंतीतील छिद्रावाटे बाहेरच्या नालीत उतरणारी जागा, ही तांब्या आणि बादली यांच्या हिशेबाने बांधलेली असते. यंत्र मात्र तीन-चार बादल्यांचे पाणी एकाच दमात सोडते.

पहिली पायरी यंत्राची जात ओळखण्याची. सेमी ऑटोमॅटिक यंत्रात पाणी बाहेर फेकणारा पंप सहसा नसतो, त्यामुळे त्याची नळी कठड्यावरून नेणाऱ्यास पाणी टबातच मुक्काम करताना आढळते. तेथे कठड्यास खालून भोक पाडणे किंवा यंत्र ओट्यावर चढवणे, हे दोनच मार्ग उरतात. पंप असलेल्या फुली ऑटोमॅटिक यंत्राची नळी याउलट जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटीमीटर उंचीवर अडकवावी लागते. ती खाली सोडल्यास सायफन, म्हणजे भरल्या नळीतून पाणी आपोआप ओढले जाण्याची क्रिया, सुरू होते आणि यंत्र एकीकडून भरत व दुसरीकडून रिते होत राहते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरास हा दानधर्म परवडत नाही.

दुसरी पायरी उताराची. चार फुटांस सुमारे एक इंच उतार असावा, असा सर्वसाधारण नियम असून तो गवंड्याच्या पाणसळीने तपासावा, घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीने नव्हे. पाश्चात्त्य घरांत तळघर खोदावे लागते. येथे रस्त्यावर दरवेळी नवा काँक्रीटचा थर पडत गेल्याने जुने घर कुदळ न लावता तळघर होते आणि नाली मोरीपेक्षा उंच भरते. अशा ठिकाणी पाणी नालीतून घरात येणे हा दोष नसून गुरुत्वाकर्षणाचे आज्ञापालन आहे.

तिसरी पायरी दुर्गंधीनिवारणाची. स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने 1775 मध्ये वाकड्या नळीत पाणी अडवून वास रोखण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले; आजचा नहाणी ट्रॅप याच तत्त्वावर चालतो व त्यात 50 मिलिमीटर पाणी उभे राहणे अपेक्षित असते. स्थानिक परंपरेत हे कार्य चिंधीचा बोळा करतो, जो वास, झुरळे आणि घूस यांच्यासह पाण्यासही समभावाने अडवतो. ट्रॅप बसवल्यावर यंत्राची नळी मोठ्या पाइपात सैल सोडावी. एम-सील लावून तोंड बंद केल्यास हवा शिरत नाही आणि वाहते पाणी ट्रॅपमधील पाणीही ओढून नेते.

चौथी पायरी जमिनीची. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यात थेट पुरलेल्या पीव्हीसी पाइपाचे सांधे निखळतात. पाइपाखाली वाळूचा थर द्यावा. शोषखड्डा काढणाऱ्याने हेही ध्यानी घ्यावे की ही चिकण माती पाणी मुळातच सावकाश पिते आणि धुण्याच्या पावडरीतील सोडियम तिची छिद्रे आणखी बुजवतो.

सबब, यंत्र विकत घेण्यापूर्वी चार बादल्या पाणी एकदम मोरीत ओतून पाहावे. ते झटकन नालीत गेले, तर दुकानात जावे. घरात परतले, तर गवंड्याकडे जावे. आणि शेजाऱ्याच्या अंगणात निघाले, तर आधी शेजाऱ्याकडे जावे.