आता उतारच आहे

आमचे भावजी मूळचे पुण्याचे, आता फ्रँकफर्टचे. पण वसंत लागला की त्यांचा खरा पत्ता मायोर्का. भूमध्य समुद्रातल्या या स्पॅनिश बेटावर तेव्हा युरोपभरचे सायकलवाले उतरतात आणि त्यांच्या प्रत्येक टोळक्यात एक भावजी असतोच: अंगाला चिकटलेले कपडे, तुळतुळीत पोटऱ्या, नजर हँडलवरच्या इवल्याशा पडद्यावर. "एवढा वस्तरा दाढीवर फिरवला असता तर!" इति ताई.

वजन हा भावजींचा जिव्हाळ्याचा विषय. सायकल सात किलोची, म्हणून संत्रंही सोलून खिशात. "सालीचं ओझं चढावर कोण नेणार?" आदल्या रात्री पिठीसाखर भुरभुरवलेल्या दोन एन्सायमादा पोटात गेल्या, त्या मात्र हिशेबात नसतात.

मी आणि ताई भाड्याच्या मोटारीत; भावजींच्या भाषेत 'सपोर्ट कार'. वालदेमोसाला आलो. १८३८-३९चा हिवाळा संगीतकार शोपाँने लेखिका जॉर्ज सांदबरोबर इथल्या मठात काढला, खोकत खोकत. पॅरिसहून मागवलेला पियानो मुक्काम संपत आला तेव्हा पोचला. ताईने हे सगळं रंगवून सांगितलं. भावजी गंभीर झाले. "पियानो? या चढावर?"

पुढे देयापर्यंत डावीकडे खाली निळाशार समुद्र, उजवीकडे दगडी बांध घातलेली ऑलिव्हची शेतं. भावजींनी फोटो काढला तो सायकलचा. भिंतीला टेकवून, साखळीची बाजू कॅमेऱ्याकडे.

"अहो, समुद्र कुठंय यात?"

"आहे ना, चाकाच्या आरपार बघ."

"आता उतारच आहे" हे त्यांचं आवडतं वाक्य. सोयेर सोडताना तेच म्हणाले आणि पुइग मायोरचा घाट सुरू झाला. हे वाक्य त्या दिवशी एकदाच खरं निघालं, ते सा कालोब्राला. अंतोनियो पारिएत्ती या इंजिनिअरने १९३२ साली बांधलेला हा रस्ता डोंगरावरून थेट समुद्रापर्यंत उतरतो. एका जागी तर तो २७० अंशांत वळून स्वतःच्याच खालून जातो. लोक त्याला टायची गाठ म्हणतात. गोम एवढीच, की खाली गेलेल्याला त्याच रस्त्याने वर यावं लागतं: साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के चढ. नाहीतर बोट. बोटीचं नाव काढलं तर भावजी दुखावतात.

"तासाच्या आत," असं बजावून ते खाली गेले. आम्ही वर खिंडीत थांबलो. यथावकाश वळणावळणाने एक लाल ठिपका वर येऊ लागला. वेळ छान चालली होती. दोन वळणं उरली असताना ठिपका थांबला, वळला आणि खाली निघाला! बऱ्याच खाली एक पांढऱ्या दाढीचे आजोबा सायकल हातात धरून उभे होते. भावजींनी त्यांना उरलेलं संत्रं दिलं, पुन्हा सायकलवर बसवलं आणि स्वतः वारा अडवत पुढे राहिले. आजोबांना मराठी येत नव्हतं, पण खिंडीपर्यंत "हं, आलंच, आलंच" आम्हाला ऐकू येत होतं.

रात्री मात्र जेवताना तोंड पाडून बसले. "एक तास अठ्ठावीस! कुणाला दाखवणार हा आकडा?"

"मग परत खाली गेलात कशाला?"

"अगं, पाय गार पडत होते," भावजी म्हणाले आणि एन्सायमादाची बशी पुढे ओढली.