रुतलेल्या गाडीचे खोलीमापन

भरे हे गावाचे नाव व्याकरणाच्या दृष्टीने क्रियापद आहे. काय भरे आणि कशात भरे, हे गावाने सांगून ठेवलेले नाही. पण आषाढात तिथे चारचाकी घेऊन गेलेल्या माणसाला कर्ता आणि अधिकरण दोन्ही आपोआप सापडतात. चिखल भरे, मडगार्डात भरे.

मुळशी तालुक्यात, पिरंगुट-घोटावड्याच्या पट्ट्यात हे गाव येते. इथे बर्फ पडत नाही. एवढे मोठे विधान पुराव्यावाचून करू नये म्हणून प्रस्तुत लेखकाने तीन हिवाळे लक्ष ठेवले. हाती आला तो एका मे महिन्यातला कालाखट्टा गोळा, आणि तो नमुनाही तपासणीपर्यंत टिकला नाही. तरीसुद्धा बर्फाळ डोंगरवाटांवर गाडी हाकण्याची आणि रुतलेली गाडी बाहेर काढण्याची विद्या शिकायची तर ती भऱ्यातच शिकावी, असे लेखकाचे मत आहे. बर्फात रुतलेल्या गाडीभोवती बहुधा कोणी नसते, आणि ही विद्या मुळात गाडीची नाहीच; ती गाडीभोवती जमणाऱ्या माणसांची आहे.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगावे लागते, ते उरकून घेऊ. विषय: रुतलेली गाडी. प्रयोजन: ती किती रुतली आहे हे मोजणे. (काढणे हे प्रयोजन नव्हे; ते ट्रॅक्टरचे काम.) संबंध: गाडीचा आणि जमिनीचा, दुर्दैवाने फार जवळचा. अधिकारी: ज्याने आयुष्यात एकदा तरी भर पावसात परक्याच्या गोठ्यात गोणपाट मागितले आहे, तो.

आता बर्फ आणि चिखल यांतला भेद. लेखकाच्या परिचयाचे कोथरूडचे एक गृहस्थ मनालीला जाऊन आले आणि येताना चाकांना बांधायच्या साखळ्या घेऊन आले. साखळ्या बर्फात उत्तम. दाबलेल्या बर्फावर रबराची पकड कोरड्या डांबराच्या तुलनेत जेमतेम तिसरा हिस्सा उरते, आणि साखळीच्या कड्या तिथे दातांसारख्या रुततात. भऱ्याच्या मातीने मात्र दोन मिनिटांत त्या कड्या लिंपून काढल्या. चाकाचा गणपती झाला, फक्त रंग द्यायचा बाकी. साखळ्या सध्या फार्महाऊसच्या फाटकाला आहेत आणि तिथे त्यांची पकड निर्दोष आहे.

ताजा बर्फ म्हणजे बहुतेक हवाच. चाकाखाली तो दबतो, घट्ट होतो आणि काही वेळाने भार पेलू लागतो. चिखल दबत नाही. तो बाजूला होतो, चाकाला खाली जाऊ देतो आणि मग वाटणीच्या वेळी भाऊबंद जमावेत तसा चारी बाजूंनी परत येतो. चाक वर ओढावे तर खाली पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब त्याला धरून ठेवतो. बैलाला हे कळते. त्याचा दुभंग खूर खाली टेकताना फाकतो आणि वर येताना मिटतो, म्हणून तो पाय सोडवून घेतो. मोटारीच्या कारखान्यांना हे अजून साधलेले नाही. पहिला उपाय मात्र दोन्हीकडे एकच: टायरची हवा कमी करणे. तीस-बत्तीसचा दाब पंधरा-अठरावर आणला की टायर जमिनीवर ऐसपैस बसतो आणि भार पसरतो. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवून हीटरपाशी बसायचे असेल, तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढावा. तोंड बुजले तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो आणि माणसाला झोपेतच मारतो. या प्रबंधातले हे एकच वाक्य उपयोगाचे आहे. परंपरेप्रमाणे ते मध्येच कुठेतरी टाकले आहे.

भाषेचा पुरावाही भऱ्याच्या बाजूने आहे. बर्फाला मराठीत रोजच्या वापरातले शब्द इनमीन दोन, हिम आणि बर्फ. त्यातला दुसरा फारसीतून आलेला. चिखलाला चिखल, गाळ, राड, रेंदा, रबडी, लगदा, दलदल. राडा हा शब्दही मुळात चिखलाचाच, पुढे तो शहरात जाऊन सार्वजनिक जीवनात पडला. आणि बैलगाडीच्या चाकांनी वाटेवर पडलेला चर म्हणजे चाकोरी. हल्ली ज्याला ऑफ-रोडिंग म्हणतात त्याला ‘चाकोरीबाहेर जाणे’ असा तयार शब्द आपल्याकडे होता. पण साहित्य संमेलनांच्या स्वागताध्यक्षांनी तो इतका वापरला की मोटारींसाठी शिल्लक राहिला नाही.

पूर्वसूरींची नोंद घेतलीच पाहिजे. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते बेकर यांनी १९५६मध्ये जमिनीवरच्या संचारशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. चाकाचा दाब, त्याची रुंदी आणि ते किती खोल रुतेल यांचे समीकरण त्यांनी मांडले. चंद्रावर १९७१मध्ये माणसांनी पहिल्यांदा चालवलेल्या गाडीच्या कामातही त्यांचा हात होता. इतक्या थोर माणसाच्या समीकरणात एक उणीव राहिली. रुतलेल्या गाडीचा मालक बाहेरच्या माणसाला काय म्हणून हाक मारतो, हे पद त्यात नाही. ती उणीव पुढील नियमाने भरून निघते. (भरे!)

नियम असा: गाडी जितकी खाली जाते, तितका समोरचा माणूस नात्याने वर जातो.

तपशील सांगतो. गाडी कोरडी आहे, काच चार बोटे खाली आहे, तेव्हा हाक येते, “ए, हा रस्ता कुठं जातो रे?” टायरची जाडी चिखलात गेली की “ओ भाऊ.” रिम बुडाली की “दादा, जरा बघता का?” एक्सल टेकला की “काका,” मग काका मालकापेक्षा पंधरा वर्षांनी लहान का असेनात. फुटबोर्ड दिसेनासा झाला की “मामा.” आणि दाराच्या फटीतून गढूळ पाणी आत आले की “माउली.” माउलीच्या खाली मोजपट्टी नाही. आळंदीला निघालेला वारकरी जी पायरी पहिल्याच हाकेत गाठतो, तिथे पोचायला गाडीवाल्याला दीड फूट चिखल लागतो.

उलट दिशेचे निरीक्षणही तितकेच नियमित आहे. बांधावरचा माणूस आरंभी म्हणतो, “काय सायेब, कुठं निघाला?” मग “शेठ, पुढं नका जाऊ.” मग “भाऊ, रेस नका करू, आणखी बसंल ती.” मग “दादा.” मग “आरं लेका.” सर्वांत शेवटी “बाळा.” एका कागदावर या दोन रेषा काढल्या तर त्या एकमेकींना बरोबर रिम आणि एक्सल यांच्या मध्ये छेदतात. त्या क्षणी दोघेही एकमेकांना दादा म्हणतात. महाराष्ट्रात सामाजिक समता नेमकी किती खोलीवर आहे, हे यावरून सेंटिमीटरमध्ये सांगता येते.

शास्त्राधार पाहू. कर्णपर्वात रथाचे चाक जमिनीने गिळले, तेव्हा कर्ण स्वतः खाली उतरला; सारथी शल्य जागचा हलला नाही. पुढच्या सीटवर बसून सतत टोमणे मारणारा आणि वेळ आली की न उतरणारा सहप्रवासी, हा प्रकार एवढा जुना आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच. चाक रुतल्यावर कर्णाच्या तोंडी धर्माची भाषा आली, आणि हा धर्म द्यूतसभेत कुठे होता, असे कृष्णाने विचारले. काच वर असताना तुम्ही काय म्हणत होता, हाच तो प्रश्न. पंचतंत्राचे पहिले तंत्र तर रुतलेल्या वाहनातूनच निघाले: यमुनेकाठी संजीवक बैल गाळात फसला, वर्धमान व्यापारी राखणदार ठेवून पुढे गेला, आणि राखणदारांनी मागून येऊन बैल मेला असे कळवले. विम्याचे दावे तेव्हाही असेच निकाली निघत. हितोपदेशात नियमाचा व्यत्यास आहे. तिथे चिखलाच्या काठावरचा म्हातारा वाघ पांथस्थाशी आधीपासूनच गोड बोलतो, सोन्याचे कंकण दाखवतो, आणि पांथस्थ गाळात फसल्यावर “थांब, मी काढतो” म्हणत जवळ येऊन त्याला खातो. गाडी कोरडी असतानाच कोणी ‘या साहेब, इकडून शॉर्टकट आहे, प्लॉट पण दाखवतो’ म्हणाले, तर ही कथा आठवावी.

विरोधी मत असे की फोर बाय फोर गाडीला हे लागू नाही. पूर्वपक्ष दुबळा आहे. साध्या गाडीचा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात भिरभिरू लागले की त्याला लागतो तेवढा क्षुल्लक जोरच दुसऱ्यालाही मिळतो. एकाला काम करायचे नाही म्हणून दुसऱ्यालाही करता येत नाही, हे तत्त्व सहकारी संस्थांच्या सभासदांना समजावून सांगावे लागत नाही. फोर बाय फोर या अडचणीवर बऱ्याच अंशी मात करते, पण तिचा मालक ‘भाऊ’च्या टप्प्यावर थांबत नाही. तो सरळ आत जातो आणि मामापाशीच हाक मारायला लागतो.

आणि तो जिथे आत जातो, ते बहुतेकदा भाताचे खाचर असते. पाहणाऱ्याला तो नुसता चिखल वाटतो. प्रत्यक्षात तो चिखलणी करून मुद्दाम तयार केलेला असतो: वर मऊ लगदा, खाली पाणी न झिरपू देणारा कठीण थर. लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर त्या थरापर्यंत पोचून चालतो. गाडी पोचत नाही, मध्येच बांधावर पोट टेकून बसते. बांध फुटतो, वरच्या खाचराचे पाणी खालच्यात जाते, कालच लावलेली आवणं उघडी पडतात. या भागात हसण्यासारखे काही नाही, म्हणून लेखक पुढे जातो.

तुलनेसाठी बर्फाकडे एक नजर. अटल बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये खुला झाल्यापासून ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड न चढताही नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडच्या बर्फात जाता येते, आणि तिकडे आपली मंडळी पुष्कळ असतात. तिथे क्रम ‘ओ भैया’, ‘भाईसाब’, ‘अंकलजी’ असा चालतो. भाषा वेगळी, चढण तीच. फरक एवढाच की बर्फाचा वरचा कडक पापुद्रा बराच वेळ भार धरतो आणि मग एकदम फुटतो, त्यामुळे मधल्या पायऱ्या गळतात. भैयावरून माणूस थेट परमेश्वरावर जातो. याहून बिकट अवस्था मंगळावरच्या स्पिरिट या गाडीची. २००९मध्ये ती मऊ मातीत रुतली, शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर वाळू पसरून महिनोन्महिने सराव केला, आणि २०१०मध्ये तिला तिथेच सोडून द्यावे लागले. तिला हाक मारायला जवळपास कोणी मामा नव्हता.

नियमाला एक उपनियम आहे. गाडी वर येताना नाती त्याच पायऱ्यांनी खाली उतरत नाहीत. टोचन लावले, दोरावर कोणीतरी जुनी घोंगडी टाकली (दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटतो, घोंगडीने त्याचा जोर मरतो), ट्रॅक्टरने हिसका दिला, गाडी डांबरावर आली. माउली आणि मामा या दोन पायऱ्या तिथल्या तिथे नाहीशा होतात. मालक पाकीट चाचपत म्हणतो, “किती झाले?” वाक्यात नातेच नाही. पोलाद चुंबकापासून दूर नेले तरी त्यात थोडे चुंबकत्व उरते. भऱ्यात तेवढेही उरलेले आढळले नाही.

आता प्रांजळपणे सांगायचे तर वरील सर्व मापे एकाच गाडीवरून घेतली आहेत आणि ती गाडी माझी होती. जुलै महिना, साधी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, प्लॉट बघायला निघालेलो. समोरून वाहन आले म्हणून डावीकडे घेतली, ती डावीकडेच राहिली. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेल्या लावणीच्या बायका थांबून बघत होत्या. मी भाऊ, दादा, काका या पायऱ्या कोणाला उद्देशून ओलांडल्या ते आठवत नाही, पण “माउली” म्हणालो ते एका आजींना. त्यांनी गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. माझे वय तेव्हा सत्तावन्न.

“आरं बाळा,” त्या म्हणाल्या, “आधी तू तर उतर खाली. तुझंच वजन हाय त्यात.”

मी उतरलो. डावा बूट चिखलाने ठेवून घेतला, तो अजून तिथेच आहे. दोन पोरे, एक पहार, चार दगड, आजींचे गोणपाट आणि शेवटी ट्रॅक्टर, अशी गाडी निघाली. मी पाकीट काढून “किती झाले?” विचारले. पैसे कोणी घेतले नाहीत. पोरांनी बुटाबद्दल मात्र दोनदा विचारले.

गेल्या महिन्यात पुन्हा तिकडून गेलो. रस्ता कोरडा, डांबर नवे. वाट मला ठाऊक होती, तरी एका पोरापाशी गाडी थांबवली, काच पूर्ण खाली केली आणि विचारले, “दादा, घोटावड्याला हाच रस्ता ना?”

उत्तर देण्याआधी तो वाकला आणि त्याने माझी चाके पाहिली.