समुपदेशन, सर मोकळे असतील तर

मुलांना मन असतं, हे आता सरकारदरबारी मान्य आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरवला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. म्हणजे साठांच्या वर्गात चौघं. त्यांचं समुपदेशन कोण करणार? ज्यांचा तास रिकामा असेल ते. बहुधा पीटीचे सर, तेही निवडणुकीच्या कामावर नसले तर. "मैदानाला दोन फेऱ्या मार, डोकं हलकं होईल!" सल्ला तसा वाईट नाही; पाय मुरगळलेल्यालाही ते हाच देतात.

मोठा इलाज हवा, तर प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. भामरागडच्या मुलीने त्यातल्या त्यात जवळचं नागपूर गाठावं, तीनशे किलोमीटरच्या वर. एसटी मिळाली तर.

प्रवास नको असेल, तर २०२२ पासून टेलि-मानस आहे. १४४१६ फिरवा, चोवीस तास, मोफत. ही सोय खरंच चांगली आहे. फक्त दहावीचं वर्ष म्हणून फोन आईच्या कपाटात असतो आणि किल्ली बाबांच्या खिशात. मागितली की "कशाला?"चं उत्तर देणं आलं. ते दिलं, की आजी मीठमोहऱ्या ओवाळते, काकांच्या वेळी असलं काही नव्हतंच, आणि बाबा गणिताची दुसरी शिकवणी लावतात. पहाटे साडेपाचची. तिथे मात्र जागा लगेच मिळते.